मशीन विचारून राह्यली

वडील गेल्यानंतर काही महिन्यांनी घरातला कॉम्प्युटर अडखळायला लागला. जवळच्या मालेगावच्या दुरुस्तीवाल्यानं पाहिलं आणि म्हणाला, सगळं पुसून नव्यानं भरावं लागेल. आई एकदम ताठ झाली. सकाळी मशीन सुरू केलं की वडिलांचं नाव येतं, वर शेलूबाजारच्या दुकानात गादीवर बसले असतानाचा त्यांचा फोटो. मग आई त्यावर प्रवचन ऐकते. "ते नाव पुसू देनार नाई मी," ती म्हणाली. मग वाशीमहून येऊन ते काम मी अंगावर घेतलं.

पुसायचं नाही तर रजिस्ट्री दुरुस्त करायला हवी. मशीनची सगळी मांडणी त्या रजिस्ट्रीत असते, म्हणून तिला हात लावण्याआधी तिची एक प्रत, म्हणजे बॅकअप, काढून ठेवतात. वडिलांनी त्यासाठी रोज दुपारी चालणारा एक प्रोग्रॅम टाकला होता. उघडून पाहिलं, तर ते दवाखान्यात गेले तेव्हापासून रोज एकच उत्तर: बॅकअप अयशस्वी, परवानगी नाकारली.

त्या दिवशीची दुपार टळून गेली होती. मी फोल्डरच्या परवानग्या पाहिल्या, डिस्क तपासली, वैतागले. दिवस मावळायच्या आत जेवून घे म्हणून आई हाका मारत होती, तिच्यावरच खेकसले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी दुपारी पडदा अंधारला आणि मधोमध प्रश्न आला: या प्रोग्रॅमला बदल करू द्यायचे का? मी खुर्ची ओढेपर्यंत आई पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून आली, सरावानं 'नाही' दाबलं आणि परत निघाली.

"आई! काहून दाबलं तू?"

"काहून म्हंजे? त्यायनंच सांगतलं व्हतं. मशीननं काई विचारलं त मले हाक मार. मी घरी नसलो त नाही दाब."

"रोज दाबतेस?"

"विचारते ना ती रोज."

आमच्या जैन घरात न दिलेलं घ्यायचं नाही, हा नियम. वडील त्यात फार कडक. वाटेवर पडलेलं संत्रंसुद्धा मळ्याच्या मालकाला विचारल्याशिवाय त्यांनी आम्हाला कधी उचलू दिलं नाही. मशीन आधी परवानगी मागतं याचं त्यांना भारी कौतुक. "पाह्य, याले बी कळते," असं म्हणून मला चिडवायचे.

मी आईला समजावलं, होय म्हटलं तरच प्रत निघेल, आणि तरच नाव वाचेल.

"त्यायले विचारल्याबिगर कसं होय म्हनू मी?"

माझा राग कुठच्या कुठं गेला.

नाही म्हटलं की तो प्रोग्रॅम थोड्या वेळानं पुन्हा एकदा विचारतो. पडदा पुन्हा अंधारला. मी माऊसला हात लावला नाही. आई पुढं झाली आणि बाहेरच्या खोलीकडं तोंड करून पूर्वीसारखीच मोठ्यानं म्हणाली, "अहो, मशीन विचारून राह्यली."

वडील असते तर चष्मा शोधत, कुरकुरत आले असते. तेवढा वेळ ती थांबली. मग तिनं 'होय' दाबलं.

प्रत निघाली, दुरुस्ती झाली, नाव राहिलं. दुपारी मशीन विचारतं तेव्हा आई अजूनही आधी हाक मारते, थांबते, आणि मगच होय म्हणते.