खंडेनवमीची तपासणी

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि ती तर माझ्या जेवणाच्या वेगावरून मन ओळखायची. आज तुम्ही बसलाच आहात, तर ऐका. मधे बोलू नका मात्र, नाहीतर मी पुन्हा गिळून टाकीन.

आमच्या लष्कर शहरात मी मोटार खात्यात तपासनीस होतो. आधी संस्थानी दरबारची नोकरी, मग मध्य भारत राज्याची, आणि तेव्हा मध्य प्रदेश होणार म्हणून आम्ही सगळे देव पाण्यात घालून बसलेले. नव्या राज्यात कुणाला ठेवतील, कुणाला घरी बसवतील? त्यात वरून हुकूम आला — सगळ्या ट्रकांची सालाना तपासणी आधी उरका. त्याच धांदलीत खंडेनवमी आली.

आमच्यात त्या दिवशी हत्यारं पूजेत असतात. कचेरीतला जॅक, हातोडा, सगळं पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलेलं. दसरा उजाडेपर्यंत हात लावायचा नाही. आणि नेमका तेव्हाच सखाराम ट्रक घेऊन आला. पूर्वी दरबारच्या फौजेत गाडी चालवायचा. फौज मोडली, मग नई सडकेच्या एका शेठकडे लागला होता.

"दादासाहेब, ब्रेक दगा देतोय. चाक उतरवून बघा ना. शेठ तर सुनतच नाही."

"अरे, आज हत्यार उचलायचं नसतं," मी म्हणालो. "गाडीला हार घातलायस ना? देवी सांभाळेल. जा." आणि दाखल्यावर सही ठोकली. वर शेरा लिहिला — ब्रेक तपासले, ठीक.

देवीचं नाव मी उगाच घेतलं. दसऱ्यानंतर ये, एवढं म्हणता आलं नसतं का? पण घरी पानं वाढून ठेवली होती, आणि उरलेल्या ट्रकांतला एक कमी होत होता. बस्स, इतकंच.

दिवाळीच्या आत शिवपुरीच्या रस्त्यावर, उतारावर, ब्रेक लागला नाही. समोर टांगा होता. टांगेवाला जागीच गेला. सखारामचा पाय गुडघ्यापासून कापावा लागला.

चौकशी बसली. ब्रेक पाहिले होते? — हो, चाक उतरवून पाहिले. ड्रायव्हरनं काही तक्रार केली होती? —

थांबा जरा. पाणी पितो.

— नाही, मी म्हणालो. भरधाव हाकली असणार. सखाराम कुबडीवर उभा होता. "दादासाहेब, मी सांगितलं होतं तुम्हाला," इतकंच बोलला. मी चौकशीच्या साहेबांकडे पाहत राहिलो. मला नव्या राज्यात जागा मिळाली. त्याचा परवाना कायमचा गेला, आणि बाजारात लोक त्याला टांगेवाल्याचा खुनी म्हणू लागले.

पुढच्या दसऱ्याला दारात कुबडी वाजली. म्हटलं, आता हा चारचौघांत माझी लाज काढणार. त्यानं शमीची पानं पुढे केली. "आज वैर ठेवायचं नसतं," म्हणाला. "आईनं शिकवलंय."

मी सोनं घेतलं. आणि त्याला — त्याला! — म्हणालो, सोन्यासारखा राहा.

मरेपर्यंत तो दर दसऱ्याला आला. दर दसऱ्याला मी तेच म्हणालो. खोटं मी बोललो होतो, हे एकदाही म्हणालो नाही.