ह्यांना वास येत नव्हता

आमच्या ह्यांना वास येत नव्हता. सर्दी वगैरे नाही, मुळातच नाही. तरुणपणी गोठ्याच्या माळ्यावरून डोक्यावर पडले होते. डोकं बरं झालं, पण वास गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणाले होते येईल हळूहळू. लग्न झालं, लेक झाली, लेकीचंही लग्न झालं, वास काही आला नाही.

मला कळलं ते लग्नानंतर लगेचच. दूध नासलेलं, घरभर आंबूस वास, आणि हे आरामात पेला तोंडाला लावतायत. मी ओरडलेच. तर हसून म्हणाले, "बरं झालं तू आलीस. घरात एक नाक हवंच होतं." तेव्हापासून मी ह्यांचं नाक. सकाळी पातेलं माझ्यासमोर धरायचे, "हुंग." शर्ट काढला की, "हुंग गं, उद्या चालेल का?" मी म्हणायचे, "उद्या शर्ट एकटाच चालत जाईल."

अजून मी सकाळी दूध तापवायच्या आधी हुंगते आणि "चांगलंय" असं मोठ्यांदा सांगते. मग लक्षात येतं. लेक म्हणाली, आई, बोलतेस तसंच फोनवर टाइप कर, बाबा कसे होते ते सगळ्यांना वाचू दे. तर करते. शुद्धलेखन कोणी बघू नका.

गाई असल्या की शेण आलं, मूत आलं, गोठा धुतलेलं पाणी आलं. ते सगळं गोठ्यामागच्या टाकीत जातं आणि त्याचा पातळ काला होतो. स्लरी म्हणतात. टाकी भरत आली की टँकरमध्ये ओढायची, टँकर ट्रॅक्टरला जोडायचा आणि गवताच्या शेतावर टाकायची. घरचं खत. आमच्या जुन्या टँकरच्या मागे लोखंडी थाळी होती. स्लरी जोरात तिच्यावर आपटायची आणि पंख्यासारखी उंच उडून पसरायची. ह्यांना ते फार आवडायचं. "बघ बघ, मोर!" म्हणायचे. मी नाकाला रुमाल लावून मोर बघायचे.

आमचं खालचं शेत संपतं तिथून गल्ली सुरू होते. पहिलं घर लाँड्रीवालीचं. हॉटेलांच्या चादरी धुते, मागच्या अंगणात तारांवर वाळत घालते, म्हणजे आमच्या कुंपणाला लागूनच. एक दिवस ती खांद्यावर चादर टाकून तरातरा आमच्या दारात आली.

"भाऊ, ही हुंगा."

ह्यांनी घेतली. डोळे मिटून अगदी मनापासून हुंगली, आणि म्हणाले, "मस्त. काही नाही."

बाईला वाटलं चेष्टा करतायत. तिच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! "हॉटेलवाल्याने गठ्ठेच्या गठ्ठे परत पाठवलेत, आणि तुम्ही मस्त म्हणता?"

मी स्वयंपाकघरातून पळत आले. "अहो बाई, त्यांना वास येत नाही हो!"

"येत नाही म्हणून दुसऱ्याच्या अंगणात उडवायचा का?"

ह्यांनी चादर नीट घडी करून तिला परत दिली.

मग गल्लीची बैठक झाली. सगळे बोलले. कोणाची लहान मुलं खोकतात, कोणाला खिडकी उघडता येत नाही. पालिकेचा माणूस आला होता, त्याने शेवटी सांगून टाकलं, पुढच्या वेळी असाच वास सुटला तर खालच्या शेतात स्लरी टाकणं कायमचं बंद. हे घरी आले. खालचं शेत म्हणजे आमचं सगळ्यात चांगलं शेत. वरचं तर नुसता खडक आणि चढ, ते किती पिणार? खालचं गेलं तर टाकी तुंबणार, आणि टाकी तुंबली की अर्ध्या गाई विकायच्या. आणि ह्यांच्या गाई म्हणजे, काय सांगू, वास नव्हता म्हणून कान असे तिखट झालेले की नुसत्या खोकल्यावरून कोणती गाय ते ओळखायचे.

जेवताना मला म्हणाले, "मला वाटायचं लोक उगाच नाक मुरडतात. इतका वाईट असतो का गं?"

"असतो. सुरुवातीला मला उलटी व्हायची."

"आणि आता?"

"आता काही वाटत नाही. सवय झाली."

हातातला घास ह्यांनी ताटात परत ठेवला. "म्हणजे घरात नाकं दोन, आणि दोन्ही बंद!" आणि इतके हसले की ठसका लागला. हे असंच होतं ह्यांचं, घर पेटलं असतं तरी आधी शेकून घेतलं असतं.

दुसऱ्या दिवशी यंत्रं विकणाऱ्याकडे गेलो. तो म्हणाला, "काका, वास म्हणजे काय माहितीये का? उडून चाललेलं खत. तुम्ही उंच उडवता, त्यातला चांगला भाग अमोनिया होऊन हवेत जातो. नाकात गेलं ते मुळाला मिळालं नाही."

हे ऐकून ह्यांचा चेहरा पडला. लोकांच्या शिव्यांनी नव्हता पडला तेवढा. "म्हणजे इतकी वर्षं मी ढगांना खत घातलं?"

यंत्रवाल्याने तीन प्रकार दाखवले. तिन्ही उडवत नाहीत, खाली जमिनीलगत सोडतात. पहिल्यात एका लांब दांड्याला नुसत्या नळ्या लोंबतात. दुसऱ्यात प्रत्येक नळीच्या टोकाला बुटासारखा लोखंडी पाय असतो, तो गवत बाजूला करतो आणि बुडाशी स्लरी सोडतो. तिसऱ्यात गोल पाती असतात, ती जमिनीला चीर पाडतात आणि स्लरी चिरेत जाते. ह्यांचा जीव तिसऱ्यावर. "मातीतच गेलं की वासाचं नावच नको!" मी त्या पात्यांचा लोखंडी सांगाडा बघितला, आमचा म्हातारा ट्रॅक्टर आठवला आणि म्हटलं, "अहो, नाकापेक्षा मोती जड." पण ऐकतील तर शपथ.

यंत्रवाला म्हणाला, तिन्ही एकेकदा तुमच्या शेतात चालवून बघा. बघा म्हणजे काय, हुंगायचं कोणी? तर हे उठले ते सरळ लाँड्रीवालीच्या दारात. मी मागे. ती इस्त्री करत होती, वर बघितलंच नाही.

"बाई, तुमचं नाक उसनं हवंय," हे म्हणाले.

"काय?"

"मला वास येत नाही. हिचं नाक गोठ्यात राहून गेलं. आख्ख्या गल्लीत तुमच्याइतकं कडक नाक कोणाचं नाही. मी यंत्र चालवतो, तुम्ही कुंपणाशी उभं राहून सांगा. तुम्ही हो म्हणाल ते घेतो."

तिने इस्त्री उभी ठेवली. माझ्याकडे बघितलं, हे खरं बोलतायत का म्हणून. मी मान हलवली.

"उभी नाही राहणार. खुर्ची लागेल," ती म्हणाली. "आणि चहा."

ढगाळ, वारा पडलेला दिवस बघून सुरुवात केली, कारण उन्हात आणि वाऱ्यात वास जास्त सुटतो. आधी पाती. ती जमिनीत गेली आणि खणखण आवाज, आमच्या ह्या चांगल्या शेताच्याही पोटात दगडांवर दगड. शेताच्या मध्यावर आमचा ट्रॅक्टर घोड्यासारखा पुढून उचलला गेला. मी ओरडले, हे उतरले, घाम पुसत म्हणाले, "तुझा मोती जड आहे खरा." वास मात्र अजिबात नव्हता, ते लाँड्रीवालीने कबूल केलं. सपाट मऊ जमीन आणि दांडगा ट्रॅक्टर असता तर तेच घेतलं असतं.

मग नळ्या. हलकं यंत्र, ट्रॅक्टरला जाणवतही नव्हतं. पण आमचं गवत वाढलेलं, स्लरी गवतावरच काळ्या दोरखंडासारखी पडून राहिली, आणि जरासा उतार आला तरी नळ्या सगळ्या एका बाजूला झुलायला लागल्या. "थोडा येतोय," लाँड्रीवाली खुर्चीतून म्हणाली. "पूर्वीपेक्षा खूप कमी. पण चादरीला चालणार नाही."

शेवटी बूट. आणि काय सांगू, केसांत भांग पाडावा तसं गवत दोन्हीकडे होत होतं, मध्ये स्लरी पडत होती आणि मागून गवत परत मिटत होतं. हे शेताच्या टोकाला आले की ओरडायचे, "काय येतंय?"

"काही नाही!"

पुढच्या फेरीला, "आता काय येतंय?"

"काही नाही हो, चहा पिऊ द्या!"

ह्यांचा आनंद गगनात मावेना, बेसूर गाणं सुरू झालं. आणि अगदी कुंपणालगतच्या फेरीला बाई खुर्चीतून ताडकन उठली. "येतोय! भाऊ, थांबा, येतोय!"

यंत्रवाला म्हणाला, "मगाशी नव्हता, आता कसा येईल? उगाच आपलं नाक वर करायचं."

"माझं नाक वरच असतं, म्हणून तर बोलावलंय मला," ती म्हणाली आणि सरळ कुंपण ओलांडून शेतात आली. वाकून एकेक बूट हुंगत गेली, शेवटच्याशी थांबली. "हा बघा."

खरंच, तिथे जमीन जरा खोलगट होती. बाकीचे बूट जमिनीवर आणि तो एकटा अधांतरी, स्लरी वरून पडून शिंतोडत होती. शिवाय वळताना हे आधी दांडा उचलत होते आणि मग स्लरीची तोटी बंद करत होते, तिथेही थारोळं साचलेलं. ह्यांना वास असता तर पहिल्याच वळणाला कळलं असतं. मग ठरलं, आधी तोटी बंद, मग दांडा वर. आणि कुंपणालगतची पट्टी सोडूनच द्यायची. परत फेरी मारली.

"काय येतंय?"

"काही नाही."

ह्यांनी ट्रॅक्टर बंद केला, खाली उतरले. "नक्की? मला तर रोजच काही नाही."

बाई हसली. पहिल्यांदाच हसताना बघितली मी तिला. म्हणाली, "गवताचा येतोय, आणि माझ्या चादरींना साबणाचा."

"साबणाचा," हे म्हणाले, जणू कोणी त्यांना नवीन गावाचं नाव सांगितलं.

बुटांचंच यंत्र घेतलं, वापरलेलं, पण धड. पालिकेचा माणूस परत आला, कुंपणाशी उभा राहिला, मान डोलावून गेला. खालचं शेत राहिलं, गाई राहिल्या, आणि विकतच्या खताची पोती निम्म्यावर आली. मग हे त्या यंत्राला असे जपायला लागले! चाऱ्याच्या गठ्ठ्यांची निळी दोरी कुठे दिसली की उचलून खिशात, कारण ती टाकीत गेली तर बुटात अडकते. टाकी ढवळायची तर आधी गाई बाहेर, दारं सताड उघडी, आणि मला शंभरदा बजावणार, ढवळताना विषारी वायू सुटतो, चांगल्या नाकालाही कळायच्या आत माणूस पडतो, जवळ फिरकू नकोस. काम झालं की बूट धुणार, पुसणार. स्वतःचे बूट चिखलाने भरलेले. मी म्हणायचे, "तुमचे कोण पुसणार?" म्हणायचे, "माझ्या बुटांवर कोणाची तक्रार नाही."

हे गेले ते फार साधे गेले. गोठ्यातून आले, खुर्चीत बसले, पाणी मागितलं. मी पाणी आणलं तोवर मान कलली होती. त्याच्यावर मला जास्त लिहिता येत नाही.

पण माणूस गेला म्हणून गाई थांबत नाहीत. टाकी काठाला आली. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, अर्ध्या गाई काढा. किंवा माझ्या ओळखीचा थाळीचा टँकर आहे, एकदा उडवून मोकळे होऊ. दुःखाचं घर, कोण काय बोलणार आहे?" मी म्हटलं, कोणी बोलणार नाही म्हणून लोकांच्या चादरीवर उडवायचं का? एकदा वास सुटला की शेत गेलं, आणि ह्यांनी जपलेली गल्लीची मर्जीही गेली. ट्रॅक्टर मला येतो. बुटांचं यंत्र मी कधी चालवलं नव्हतं, पण ह्यांच्याकडून ऐकलं एवढं होतं की झोपेत म्हणून दाखवलं असतं.

काल ढग होते, वारा नव्हता. दीर तोंड पाडून का होईना, पण टँकर जोडायला आले. मी खालच्या शेतात उतरले. आधी तोटी, मग दांडा, आधी तोटी, मग दांडा, असं मोठ्यांदा म्हणत होते. कुंपणाशी बघते तर लाँड्रीवाली आपली आपण खुर्ची घेऊन बसलेली. मी बोलावलं नव्हतं. मागे तारांवर पांढऱ्या चादरी, एकही काढलेली नाही.

दुसऱ्या की तिसऱ्या फेरीला ती ओरडली, "वहिनी, थांबा! डावीकडून येतोय!"

उतरले. डावीकडचा एक बूट वरच अडकला होता, खाली टेकतच नव्हता. त्याच्या स्प्रिंगला निळी दोरी गुंडाळलेली. ह्या दिवसांत मीच कुठेतरी टाकली असणार, उचलणारं कोणी नव्हतं ना. सोडवली, खिशात घातली, बूट हाताने दाबून बघितला. वर चढले, एक फेरी मारली, टोकाला येऊन थांबले. ह्यांच्यासारखीच ओरडले.

"काय येतंय?"

तिने नाक वर केलं, पुरता वेळ घेतला.

"काही नाही," म्हणाली. आणि मग, "चहा राहिलाय पण, वहिनी."

चहा केला, दिरांनाही दिला. टाकी अजून अर्धी आहे. उद्या ढग असले तर उरलेली काढते.