आल्मुटने किटली खाली ठेवली

उतार अर्धा संपला होता आणि आल्मुट तिसऱ्यांदा बसली. वाटेकडेच्या दगडावर, पाठपिशवीसुद्धा न उतरवता. हिल्के तिच्या शेजारी उभी राहिली. वरच्या स्टेशनावर उतरून खाडीकाठच्या गावापर्यंत दोन तासांची पायवाट होती. सामान गाडीने गेलं होतं. गेशे आणि टोम्मा केव्हाच पुढे गेल्या होत्या.

"तू हो पुढे," आल्मुट म्हणाली. "मी येते सावकाश."

"पुढे जाऊन काय करू? खोल्या कुणाच्या नावावर आहेत तेही मला ठाऊक नाही."

"माझ्याच. आणखी कुणाच्या असणार?"

दोघी हसल्या, पण आल्मुटचं हसू लगेच विरलं.

सव्वीस वर्षं हे असंच चाललं होतं. चौघी उत्तर जर्मनीतल्या, पूर्व फ्रिसलंडच्या सपाट मुलखातल्या, एकाच चर्चमध्ये गाणाऱ्या. आल्मुट त्यांच्यात थोरली, बहात्तरची. तिचा नवरा हार्म गाळ काढायच्या बोटीवर असायचा, महिनामहिना घरी नाही. दोन मुलं, अंथरुणाला खिळलेली सासू आणि बेकरीची गाडी, सगळं तिने एकटीने ओढलं. तीस वर्षं ती गावोगाव पाव घेऊन फिरली. कुणाला कुठला पाव लागतो ते तिला दार बघून कळायचं. चौघींची दरवर्षीची सहलही तिने तशीच अंगावर घेतली. माहिती मागवायची, तिकिटं काढायची, गेशेच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि टोम्माचा जादा चष्मा आपल्या पिशवीत ठेवायचा. शिवाय टॉवेलात गुंडाळलेली चिनीमातीची किटली आणि खडीसाखर, कारण परमुलखातला चहा म्हणजे नुसतं रंगीत पाणी. यंदा नॉर्वे होतं. पाच दिवस जहाजातून किनाऱ्याने वर, मग सहा दिवस जमिनीवरून, आगगाडीने आणि बसने.

जहाजावर बरं चाललं होतं. खाली उतरल्यावर बिघडलं. कालच्या हॉटेलात गेल्या तर खोल्या दुसऱ्या दिवसापासूनच्या निघाल्या. तारीख आल्मुटनेच चुकवली होती. दुसऱ्या खोल्या मिळेपर्यंत दोन तास चौघी आपापल्या बॅगांवर बसून.

"जहाज बरं होतं बाई," टोम्मा म्हणाली. "तिथे कप्तान तरी होता."

सगळ्या हसल्या. आल्मुटही हसली.

मग खोलीत चहा झाला. त्यांच्याकडे चहा ओतणारी एकच असते, दुसरीने तिच्या किटलीला हात लावायचा नाही. तीन कप होईपर्यंत कुणी नको म्हणत नाही. पुरे झालं की चमचा कपात ठेवायचा, की कुणी आग्रह करत नाही, विचारतही नाही. आल्मुटने पहिला कप सगळ्यांना ओतला, स्वतः प्यायली, आणि चमचा आपल्या कपात ठेवला. किटली टेबलाच्या मधोमध ठेवून दिली. बाकी तिघी रिकामे कप घेऊन अर्धा तास बसल्या. हवेच्या गप्पा झाल्या, खिडकीतून दिसणाऱ्या पुलाच्या झाल्या. किटलीत चहा थंड झाला.

"रागावलीय माझ्यावर," नंतर जिन्यात टोम्मा म्हणाली. "पहिल्याच कपाला चमचा! असं पाहुणीने केलं असतं तर माझ्या आईने तिला पुन्हा दार उघडलं नसतं."

तेव्हापासून टोम्मा पुढे पुढे चालत होती.

"टोम्माला वाटतंय, तू रुसलीस," आता दगडाशेजारी उभी हिल्के म्हणाली.

"कशावरून?"

"त्या कप्तानावरून."

"खरंच बोलली की ती." आल्मुटने गुडघा चोळला. "मी रुसले नव्हते गं. किटली मध्ये ठेवली होती ना? म्हटलं, कुणीतरी उचलेल."

हिल्के दगडाच्या कडेला टेकली.

"अर्धा तास वाट पाहिली. तुम्ही तिघी अशा बघत होतात, जशी ती आपण होऊन उठणार आहे."

"तुझी किटली. तिला आम्ही कसा हात लावायचा?"

"तेच तर." आल्मुट उठली, चार पावलं टाकून थांबली. "थकलेय मी, हिल्के. गेल्या वर्षीच थकले होते. पण सोडवत नाही. पावाची गाडी सोडली ना, त्यानंतर त्या शेकडो दारांतलं एकही दार मला चहाला बोलवायला उघडलं नाही. चांगली माणसं ती, वाईट नव्हती. पाव येत होता, आता येत नाही, इतकंच. सहल मी सोडली तर तुम्हीही तशाच..."

हिल्के 'नाही गं, असं कसं होईल' म्हणणार होती, पण सव्वीस वर्षांत आपण होऊन आल्मुटला फोन केल्याचं तिला आठवेना. कधी गरजच पडली नव्हती, आल्मुटचाच यायचा. रोज प्रार्थनेत ती थकल्याभागल्यांसाठी एकेकाचं नाव घेऊन देवाकडे मागायची. गेशेच्या जावयाचंही नाव त्यात होतं. आल्मुटचं कधी जिभेवर आलं नव्हतं.

"दे ती पिशवी," ती म्हणाली.

"राहू दे. तुझी पाठ..."

"दे म्हणते ना!"

आल्मुटने एक पट्टा सोडवला, मग दुसरा. पिशवी हिल्केला वाटली होती त्यापेक्षा बरीच जड होती. दोघी उतरू लागल्या. खालून बोटीचा भोंगा ऐकू आला.

"हिल्के, एक मागू?"

"माग."

"पुढच्या वर्षी तू मला फोन कर. 'आल्मुट, अमक्या दिवशी निघायचंय, बॅग भर,' एवढंच म्हण. कुठे जायचंय ते मी विचारणारही नाही. फक्त मी करायच्या आधी कर."