रुपचंदनानांची मुकी पट्टी

जळगावात मेहरूणला राहणाऱ्या जीनतला कोणी ‘पोरगी’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. तिशी ओलांडलेली बाई आहे. बापाच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात शिकली आणि आता जुन्या सिंथेसायझरचे आवाज कम्प्युटरात उतरवते. अहिराणी गाणी करणारे धुळ्या-शिरपूरहून तिच्याकडे येतात. आधी मीही तिला पोरगीच म्हणायचो, ते सोडा.

मी शिंदखेड्याच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. आमचे मालक रुपचंदनाना. त्यांचा जपानी सिंथ पस्तीस वर्षं लग्नांत वाजला आणि या वैशाखात धापा टाकू लागला. पार्ट कुठेच मिळेनात. नानांच्या मयुरीचं लग्न आठ दिवसांवर आलेलं. पोरीच्या हळदीला आपण स्वतः वाजवायचं आणि याच आवाजात, हा त्यांचा हट्ट. घरात नवा कीबोर्ड होता, पण नाना म्हणत, “त्यामा जीव नही.”

सिंथ घेऊन आम्ही जीनतकडे गेलो. “एक दिवस द्या नाना. हाच आवाज नव्या कीबोर्डातून काढून देते,” ती म्हणाली, चहा टाकते म्हणावं तितक्या सहज. तिने बँडचा भोंगाही मागवून घेतला. लोकांच्या कानात बसलाय तो भोंग्यातला आवाज, असं तिचं म्हणणं. भोंग्यासमोर माइक लावला, पंखा-कूलर बंद केले आणि एकेक पट्टी दहा मोजेपर्यंत दाबत रेकॉर्डिंग सुरू झालं. जळगावच्या उन्हाळ्यात आम्ही नुसते निथळत होतो.

एक पट्टी वाजलीच नाही.

“ती मरेल शे बेटा. सोडी दे,” नाना घाईने म्हणाले.

मग कळलं, पंचवीस वर्षं ती मेलेली, मुकी होती! हळदीच्या गाण्यात नाना मध्येच एक सूर गाळून जी उडी घेत, ती मी त्यांची खुबी समजत होतो. मी ती क्लॅरिनेटवर उचलली, आणखी दोन बँडवाल्यांनीही उचलली. आणि हा माणूस फक्त मेलेली पट्टी चुकवत होता. मयुरीने तर ते गाणं पूर्ण कधी ऐकलंच नव्हतं.

“काय सांगू तुले? लाज वाटे,” नाना माझ्याकडे न बघता म्हणाले.

जीनत हसली नाही. शेजारच्या पट्टीचा आवाज घेऊन तिने जरासा चढवला आणि रिकाम्या जागी बसवला. “आता बोलेल ती. दाबायची की नाही, तुमची मर्जी.”

हळदीला मांडवात तोच भोंगा, खाली नवा कीबोर्ड. जीनत हाताची घडी घालून निवांत उभी होती. काळजी होती ती मला. पहिल्या फेरीत आवाज ऐकून बाया नाचायला उठल्या, पण नानांनी सवयीने उडी मारली. दुसऱ्या फेरीतही मारली. तिसऱ्यांदा उडी मी एकट्यानेच मारली आणि सगळ्यांदेखत बेसूर झालो.

नानांनी ती पट्टी दाबून धरली होती. डोळे वाहत होते, आणि हळदीने माखलेल्या लेकीकडे बघून ते ओरडले, “आयक मयुरी! गानं आसं शे!”