मेंढीची ओळखपरेड

विम्याच्या धंद्यात किस्से शोधायला जावं लागत नाही. वरून नवीन सर्क्युलर आलं की त्याच्या मागून किस्सा येतोच, नव्या सुनेच्या मागून तिचं सामान यावं तसा! पूर्वी वर्षाकाठी एखादा नियम बदलायचा. आता ग्राहकाच्या खासगी माहितीचा कायदा आहे, फोन रेकॉर्ड करायचा नियम आहे, कंप्युटरनं चूक केली तर जबाबदार कोण ही नवीन भानगड आहे. नियम पाळला नाही तर कंपनीला दंड आणि पाळला तर आम्हाला घाम!

आमची शाखा कराडला. एकीकडे महाबळेश्वर, दुसरीकडे आटपाडी, सगळा मुलूख आमच्याच गळ्यात. मी क्लेम बघते. शिवाय पुण्याला एकदा ट्रेनिंगला जाऊन आले, म्हणून सगळे नियम पाळले जातात की नाही हे बघायचं कामही माझ्याच टेबलावर येऊन पडलं. त्या ट्रेनिंगला मी स्वतःहून नाव दिलं, कारण त्याच दिवशी पुण्यात चुलतबहिणीचं डोहाळजेवण होतं. आमचे ब्रँच मॅनेजर मोरे साहेब, त्यांना हे अजून माहीत नाही.

* * *

सुरुवात तात्यांपासून करते.

तात्या आमचे एजंट. फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले, मिशी अजून ड्युटीवर. पॉलिसीत काय मिळतं आणि काय मिळत नाही ते ग्राहकाला सोप्या भाषेत सांगायचं, असा नियम आला. बाकीचे एजंट 'काय मिळतं' इथंच थांबले. तात्यांनी ग्रामपंचायतीपुढं माईक लावला आणि उलटीकडून सुरुवात केली.

"पैलं आइका, पैसं कशाला मिळणार न्हाईत! दारू पिऊन गाडी ठोकली, न्हाई! लायसन न्हाई, तर पैसंबी न्हाई! आजार लपवून फारम भरला, अजाबात न्हाई!"

असं अर्धा तास चाललं. शेवटी गर्दीतून एक जण वैतागून म्हणाला, "आवं तात्या, मग मिळतंय तरी कुणाला?"

"सरळ वागल्याला!"

मोरे साहेबांनी कपाळावर हात मारला. पण त्या दिवशी तात्यांकडचे फॉर्म संपले, दुसरा गठ्ठा न्यायला ते शाखेत परत आले!

आणि अशा माणसाचा एजन्सी कोड गेल्या दिवाळीनंतर कंपनीनं बंद केला. आरोप काय, तर मेलेली म्हणून दाखवलेली मेंढी जिवंत आहे, आणि खोट्या क्लेमला तात्यांनी साथ दिली. चौकशी लागली. दोषी ठरले तर लायसन्स जाणार होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे गावोगाव माईकवर 'सरळ वागा' सांगणाऱ्या माणसाचं नाव जाणार होतं.

कोड बंद म्हणजे काम बंद. तरी तात्या रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून यायचे आणि शाखेतल्या बाकावर ताठ बसायचे. मी एकदा म्हटलं, "तात्या, घरी आराम करा की."

"पोस्ट सोडायची नसती, मॅडम."

मला त्या दिवशी डबा गेला नाही.

* * *

पुढचे किस्से तात्या त्या बाकावर बसून होते तेव्हाचेच.

पॉलिसी देण्याआधी हेड ऑफिसमधून एक मुलगी ग्राहकाला फोन करते. सगळं समजलं का, कुणी जबरदस्ती केली नाही ना, असं विचारते आणि ते सगळं रेकॉर्ड होतं. उद्या कोर्टकज्जा झाला तर पुरावा! वाळव्याकडच्या एका ऊसवाल्याला असा फोन गेला. तो पाणी पाजायला मळ्यात, म्हणून फोन त्याच्या आईनं घेतला. पॉलिसी तिच्याही नावावर होतीच.

"आजी, तुम्हाला अटी समजल्या का?"

"समजल्या बाई. आवाज लय ग्वाड हाय तुजा. गाव कुठलं?"

मुलगी नवीन होती. गाव सांगून बसली. मग वडील काय करतात, भाऊ किती, शिक्षण किती, पगार किती, स्वयंपाक येतो का. अटींचा विषय पुन्हा निघालाच नाही. शेवटी म्हातारी म्हणाली, "माजा धाकटा नातू पुण्याला इंजेर हाय. फोटू धाडते."

पुढे ऑडिटरनी ते रेकॉर्डिंग पूर्ण ऐकलं आणि शेरा मारला: 'ग्राहकाची कोणतीही तक्रार नाही. मात्र ग्राहकाने आमच्या कर्मचाऱ्याची खासगी माहिती संमतीशिवाय गोळा केली आहे. शाखेने खुलासा करावा.'

खुलासा मी केला. लग्न वैशाखात झालं!

* * *

शिरवळच्या एका कारखान्यातल्या कामगारांचा आरोग्य विमा आमच्याकडे आहे. त्यातला एक कामगार खास रजा काढून आला. तपासणीत त्याला साखर निघाली होती.

"मॅडम, ही माहिती माझी खासगी हाय ना?"

"आहे की."

"मग माझ्या बायकुला सांगायचं न्हाई. कायदाच हाय तसा!"

कायदा खरंच तसा आहे. त्याच्याकडून लेखी घेतलं, फाईलवर लाल पेनानं शेरा मारला, आणि आपण किती नियमानं वागतो म्हणून स्वतःवरच खूश झाले.

आठ दिवसांनी त्याची बायको हजर. शांत बाई. समोर बसली, पदर सावरला.

"मॅडम, माहिती काय सांगू नका. कायदा हाय म्हणून ह्यांनी आठ दिस झालं घर डोक्यावर घेतलंय. मला फकस्त येवढंच सांगा. मी त्यांच्या च्यात साखर टाकायची बंद केलीय. ती चालू करू, का ऱ्हाऊ दे?"

हो म्हणावं तर माणूस जातो, नाही म्हणावं तर कायदा मोडतो. मी फाईलकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं, तात्यांकडे बघितलं. तात्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले.

बाईनं माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि उठली. "बरं. बंदच ठिवते."

तोंडावरून माहिती गळाली तर कुठला फॉर्म भरायचा, हे पुण्याच्या ट्रेनिंगमध्ये सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल तर ते मी डोहाळजेवणाला गेल्यावर.

* * *

मग आला चॅटबॉट. ग्राहकानं मोबाईलवर प्रश्न विचारायचा, कंप्युटर मराठीत उत्तर देणार. मोरे साहेबांनी त्याच्या उद्घाटनाला नारळ फोडला!

महाबळेश्वरच्या एका होमस्टेवाल्याच्या खोलीत माकड शिरलं आणि पाहुण्याचा मोबाईल घेऊन झाडावर गेलं. वरून त्यानं तो खाली टाकला. होमस्टेवाल्यानं चॅटबॉटला विचारलं, याची भरपाई मिळते का? चॅटबॉट म्हणाला, 'निश्चिंत राहा. आपल्या प्रत्येक नुकसानीत आम्ही आपल्यासोबत आहोत.'

तो गृहस्थ या उत्तराचं लॅमिनेशन करून घेऊन आला.

मोरे साहेबांनी समजूत घातली. "हे बघा, पॉलिसीत माकड नाही. हे यंत्र बोललंय, कंपनी नाही."

"बरं. यंत्र ठिवलंय कुणी?"

"कंपनीनं."

"मग माकड मी ठिवलंय का?"

प्रकरण वकिलांकडे गेलं. त्यांनी कळवलं की यंत्राचा शब्द हा कंपनीचाच शब्द धरला जाऊ शकतो, गपगुमान भरपाई देऊन टाका. दिली. त्यानंतर चॅटबॉटला असं काही घाबरवून ठेवलंय की आता काहीही विचारा, एकच उत्तर येतं: 'कृपया संबंधित विभागाशी संपर्क साधावा.'

तात्या म्हणाले, "आत्ता हा पर्मनंट झाला!"

बाकावर बसल्यापासून तात्या पहिल्यांदा हसले होते. म्हणून तो चॅटबॉट मला आवडतो.

* * *

आता ती मेंढी.

आटपाडीकडचे बिरा आण्णा आणि त्यांची बायको हौसाक्का, दरसाल कळप घेऊन आमच्या भागात उतरतात. शेतकरी आपल्या मोकळ्या रानात मेंढ्या बसवून घेतात, रानाला खत होतं. तात्यांनी या कळपाचा विमा उतरवला होता. पूर्वी मेंढीच्या कानात बिल्ला असायचा. बिल्ले अदलाबदल होतात म्हणून कंपनीनं नवीन ॲप आणलं. मेंढीच्या तोंडाचा फोटो काढायचा, ॲप तिला जन्मभर ओळखणार!

कळपातली एक मेंढी घाटात पडून मेली. क्लेम आला. पुढे तपासणीत ॲपनं कळपातल्या दुसऱ्या मेंढीचा फोटो बघितला आणि निकाल दिला: 'मृत मेंढी जिवंत आढळली.'

त्या दोघी पाठच्या बहिणी होत्या. दोघींच्या कपाळावर सारखाच पांढरा टिळा. आम्ही सगळ्यांनी लिहून कळवलं. पण हेड ऑफिसला कागद हवा होता, आणि कागदावर ॲपचा निकाल होता.

चौकशीला पुण्याहून कंपनीच्या एक वकीलबाई आल्या, निकाल त्यांच्याच हातात. सोबत ॲपवाला इंजिनिअर. मेंढी शाखेत आणणं शक्य नव्हतं म्हणून आम्हीच सगळे कराडबाहेरच्या रानात गेलो. तात्या सगळ्यांत मागे, छातीवर फौजेतली मेडलं लावून. ती त्यांनी कधी लावलेली मी बघितली नव्हती.

इंजिनिअरनं पुन्हा फोटो काढला. पुन्हा तेच. एकच मेंढी!

वकीलबाई बिरा आण्णांना म्हणाल्या, "काका, मशीन म्हणतंय ही तीच आहे. तुमच्याकडे काय पुरावा आहे, ती वेगळी होती म्हणून?"

"मी सांगतोय की."

"तुमचं सांगणं पुरावा नाही ना होत."

आण्णांना हे कळेचना. कळपातली प्रत्येक मेंढी ते नावानं ओळखतात, त्यांना पुरावा मागायची वेळ आजवर कुणावर आली नव्हती. तात्यांचा चेहरा उतरला. दिवस कलला होता. वकीलबाईंनी पेन काढलं.

तेवढ्यात हौसाक्का पलीकडून म्हणाल्या, "आवं, कोकरं सोडायचा वकुत झाला. बाजूला व्हा."

मेंढ्या दिवसभर चरायला जातात तेव्हा त्यांची कोकरं मागं जाळीच्या कुंपणात ठेवतात. संध्याकाळी जाळी उचलली की जो धुरळा उडतो तो बघण्यासारखा असतो. एवढ्या कळपात प्रत्येक कोकरू ओरडत सुटतं आणि बरोबर आपल्याच आईच्या पोटाखाली घुसतं. मेंढीही दुसरीचं पोर अंगाला लावून घेत नाही, लाथ घालते.

जाळी उचलली. धुरळा उडाला. वकीलबाई साडी धरून बांधावर चढल्या.

टिळ्याच्या मेंढीकडे एक कोकरू पळत आलं आणि दूध पिऊ लागलं. तिचंच होतं. मागून आणखी एक आलं, कपाळावर तसाच टिळा. मेंढीनं त्याला हुंगलं आणि अशी धडक दिली की ते कोलमडून पडलं. उठून पुन्हा गेलं. पुन्हा धडक.

"हे कुणाचं?" वकीलबाईंनी विचारलं.

"जी मेली, तिचं," आण्णा म्हणाले.

इंजिनिअरनं हातातला मोबाईल खाली घेतला. कोकरू इकडं तिकडं बघत उभं राहिलं, मग एकदम वळून कळपातून वाट काढत हौसाक्कांकडे धावलं आणि त्यांच्या लुगड्याला तोंड मारू लागलं. हौसाक्कांनी कमरेची दुधाची बाटली काढली आणि मांडी घालून खाली बसल्या.

मग वकीलबाई बांधावरून उतरून त्यांच्यापाशी गेल्या.

"मावशी, तुम्हाला काही सांगायचंय?"

"मी अडानी बाई, मी काय सांगनार?" हौसाक्कांनी बाटली जरा तिरकी केली. "तुमचं मशीन म्हनतंय ह्याची आय जित्ती हाय. मंग ती मीच असंन. काडा माजा फोटू!"

वकीलबाईंनी हातातली फाईल मिटली आणि मागे वळून म्हणाल्या, "हवालदारसाहेब, तुमचा कोड नंबर सांगा. सकाळी चालू होईल."