आमच्या गावाचा हिरवा ठिपका

सरक जवळ, पोरी. अकोल्यात बसून वाचून राहिली असली तरी मी बाजूलेच बसली आहे असं समज. घसा सारखा कोरडा पडते म्हणते, पायाची जखम भरून नाही राहिली म्हणते, अन् रक्त तपासून ये म्हटलं की एकच गाणं, "मोठी आई, मले तं हिरवा ठिपका आला हाय!" एवढी शिकली अन् ठिपक्यावर भरवसा ठेवते? तो ठिपका कसा आला ते मी या डोळ्यानं पाहिलं. तू तवा घरात झेंडूचे हार करून राहिली होती.

आपल्या भातकुलीकडच्या गावात शहरातून पोरंपोरी आले होते, मोबाइल अन् टेप घेऊन. पुढं कोणाले साखरेचा आजार होईल ते आधीच सांगणार म्हणे. भविष्य फुकट भेटते म्हटल्यावर सारं गाव देवळाच्या ओट्यावर जमलं. टेप कमरेभोवती आला की जो तो श्वास ओढून उभा. आपल्या शेजाऱ्याचं पोट तं असं आत गेलं, की त्याच्या बायकोलेही तो ओळखू आला नाही.

बायायले इचारलं, "कष्टाचं काम करता का?" साऱ्याजणी लाजून म्हणे, "नाही बाई, आमी घरीच असतो." पहाटेपासून फुलं तोडून, भाजीचे टोपले उचलून आलेल्या या घरीच असणाऱ्या! अन् त्यायचे नवरे, मंडीत पोत्यावर बसून चहा पेणारे, छाती काढून म्हणे, "आमी शेतकरी माणसं." लाल ठिपका म्हणजे धोका, हिरवा म्हणजे बिनघोर; त्या सवालाले मोबाइलनं बायायले लाल केलं अन् नवऱ्यायले हिरवं.

मग आला खरा सवाल. "घरात कोणाले साखर हाय का?" तवा तुझ्या अकोल्याच्या स्थळाची बोलणी सुरू होती, अन् त्यायचा एक सोयरा तिथंच टेकला होता. तुझा बाप, माझा दीर, कडाडला, "आमच्या घराण्यात? कोणालेच नाही!" बाजूले तुझी आजी, जेवणासंग गोळी घेणारी. अन् तुझ्या बापाची स्वतःची गोळ्यांची पट्टी हार ओवायच्या दोऱ्याच्या डब्यात. मी खाकरली. त्यानं डोळे वटारले. "पोरीचं मीच सांगतो, लिहा. बारीक हाय, भरभर चालते, काही नाही तिले." झाला तुझा ठिपका हिरवा.

शेवटी बेरजेत सारं गाव हिरवं, सर्वेवाली पोरगी खुश. मले म्हणे, "काकू, किती निरोगी गाव आहे तुमचं!" ज्याच्या घरी लग्नाचं पोट्टं, त्याच्या घरी साखर नाही, अन् लग्नाचं पोट्टं कोणाच्या घरी नाही, तूच सांग?

पुढं पाहुणे आले. पोहे झाले, मी चहा मांडला. तुझा सासरा म्हणे, "मले बिनसाखरेचा, अॅसिडिटी हाय." सासू म्हणे, "मलेबी, गळा धरला हाय." तुझा बाप म्हणे, "तं मलेबी तसाच, पाहुण्यायच्या संगं." मी साखरेचा डबाच फळीवर ठेवून देल्ला. साऱ्यायनं ते कडू पाणी पेत "वा, फक्कड!" केलं, अन् सोयरीक पक्की झाली. कोणी कोणाले काही इचारलं नाही. दोन्ही घरं हुशार!

तवा मी पदराआड हसली होती. आता तू तांब्यावर तांबे पाणी रिचवते म्हणते, अन् मले तो चहा आठवते. हसू नाही येत.

काल तुझ्या बापाले सरळ इचारलं, "भाऊजी, पोरगी उजवली, आता कोणापासून लपवून राहिले?" त्यानं दोऱ्याचा डबा उघडून गोळ्यांची पट्टी माह्यासमोर ठेवली. मग म्हणे, "वहिनी, बलावून घ्या तिले. डॉक्टरसमोर मी सांगतो, माह्यंबी अन् आपल्या बुढ्या मायचंबी. पण तिच्या सासरच्यायले..."

मी म्हटलं, "त्यायनं तुमच्यासंग तोच चहा पेला. त्यायले सारं ठाऊक हाय."

तं ये माय. उपाशीपोटी नीघ, बडनेऱ्याले उतर, बाप स्टेशनावर उभा राहीन. आधी अमरावतीत रक्त देऊ, मग घरी येऊन वरणभात जेवू. जवाईबापूलेही आण, त्यायचाही ठिपका हिरवाच असन. लवकर ये.