प्रमिलेला काळं चालत नाही

प्रमिला दाभोळच्या खाडीकाठची. भाऊ गरी टाकायचे आणि ही धक्क्यावर बसून त्यांचे मासे साफ करायची. कधी गरीला हात लावला, की थोरला म्हणायचा, "ठेव ती खाली! तुला बघून मासा लाजून पळंल." बाकीचे फिदीफिदी हसायचे. पुढं ती शिकली, लग्न झालं, आखातातल्या अल ऐनच्या एका हॉस्पिटलात रक्त तपासायच्या लॅबमध्ये लागली. पण आपल्या हातानं एक तरी मासा धरायचा, हे मनात बसलं ते बसलंच.

तशी सोय झाली ती यम्नामुळं. यम्ना लॅबमधली मैत्रीण, इथलीच. तिच्या काकांच्या खजुराच्या बागेत पाणी साठवायचं तळं होतं आणि हौसेनं त्यांनी त्यात बास सोडले होते. बास म्हणजे गोड्या पाण्यातला, मोठ्या जबड्याचा मासा. नियम एकच, धरायचा आणि परत सोडायचा. प्रमिलेला ते बरंच वाटलं. जीव जात नाही, देवासमोर उभं राहताना मान खाली घालायला नको. आमिषही खरं नसायचं, गळाला रंगीत रबरी मासोळी लावायची.

आणि घोडं अडलं ते त्या रंगापाशी. अख्खा हिवाळा ती दर रविवारी काठावर उभी राहिली. हळदीचा म्हणून पिवळा, कुंकवाचा म्हणून लाल, देवीचा म्हणून हिरवा, सगळे रंग लावून झाले. मासा काही लागेना. नवरा विजयकुमार गाडी चालवत आणायचा आणि घडीच्या खुर्चीवर बसून मोबाईल बघायचा.

आता तर शेवटचा रविवार आला. काकांनी तळं बुजवायचं ठरवलं होतं. पंप लागले होते, पाणी निम्म्यावर येऊन चहासारखं गढूळ झालं होतं.

यम्ना म्हणाली, "हबीबती, पानी तो देखो. आज काला लगाओ. मिट्टीवाले पानी में मछली को काला ही दिखता है."

"काळं नको," प्रमिला म्हणाली. "शुभ कामाची सुरुवात काळ्यानं करत नाहीत. हमारे में नहीं चलता."

"संक्रांतीला काळी साडी हट्टानं घेतलीस, ती चालते?" विजयकुमार खुर्चीतून बोलला.

"संक्रांतीचं वेगळं. तुम्ही मोबाईल बघा."

डब्यात एकच काळी मासोळी होती, पाकिटाबरोबर फुकट आलेली. ती तिनं बाजूला सारली आणि पिवळी बांधली. काही नाही. लाल बांधली. ती शेवाळात अडकली. हिरवी बांधताना गळ बोटात शिरला. बोट तोंडात धरून ती पुटपुटली, "देवा, मी काय बंगला मागतेय?"

तणतणत ती बोट धुवायला नळापाशी गेली. परत येते तो विजयकुमार दांडी धरून उभा, दोरीच्या टोकाला काळी मासोळी, आणि दांडी वाकून कमान झालेली!

"प्रमिला! अगं, काय करू? हा ओढतोय!"

"करायचं काय? गुंडाळा दोरी!"

हातभर लांबीचा बास काठावर येऊन फडफडला. ज्यानं जन्मात दांडी धरली नव्हती, त्याला पहिल्या फेकीला. वर मासा हातात धरायची त्याला किळस. "तूच सोडव ना, तुला येतं," म्हणाला. प्रमिलेनं दात-ओठ खात गळ काढला, मासा पाण्यात सोडला.

"बघ, उगाच कटकट करत होतीस," म्हणत त्यानं ऐटीत दुसरी फेक केली. मासोळी पाण्यात बुडालेल्या झावळीत जाऊन रुतली. त्यानं जोर लावला, दोरी तटकन तुटली.

"गेली?" प्रमिलेनं विचारलं.

"दुसरी असेल ना?"

"एकच होती!" असं ती इतक्या जोरात ओरडली की पंपावरचा माणूस वळून बघायला लागला.

यम्नानं घड्याळ बघितलं. सूर्य खजुरांच्या खाली उतरला होता. "प्रमिला, गेट बंद होगा. खलास?"

"खलास नाही." प्रमिलेनं पर्स उपडी केली. लॅबमधल्या बाटल्यांवर नावं लिहायचा पक्क्या शाईचा मार्कर त्यातून घरंगळला. पिवळी मासोळी तिनं मांडीवर घेतली. क्षणभर हात थांबला. "गणपतीबाप्पा, हे तुझ्या मनाला येत नसेल, तर माफ कर," असं म्हणून ती डोक्यापासून शेपटीपर्यंत काळी करत गेली. बोटं काळी, साडीचा काठ काळा.

तिनं फेक केली. काही नाही. पुन्हा केली. काही नाही. विजयकुमारनं खुर्ची घडी केली. तिसऱ्या फेकीला दोरीला बारीक झटका बसला. तिनं श्वास रोखून गुंडाळत आणली. टोकाला मासा होता, जेमतेम वीतभर, शाईनं तोंड माखलेला.

विजयकुमारला हसू आवरेना. "एवढासाच? माझा केवढा होता!"

"हसू नका," प्रमिला म्हणाली. राग अजून उतरला नव्हता. "आधी माझा फोटो काढा. माशासकट. आणि आत्ताच्या आत्ता माझ्या थोरल्या भावाला पाठवा."